मराठी गझल लिहिताना: जमीन ठरवण्यापासून शेवटच्या तपासणीपर्यंत

नव्याने लिहिलेल्या गझलांमध्ये पुन्हा पुन्हा तेच दोष सापडतात. ओळी मोजून सारख्या केलेल्या असतात, पण लय अडखळते. मतला छान जमतो आणि तिसऱ्या शेरापाशी काफिये संपतात. प्रत्येक शेर तंत्रात बसतो, पण दोन ओळींचा एकमेकींशी संबंध लागत नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं: कामाचा क्रम चुकलेला असतो. सुचलेली ओळ लिहायची, तिच्याखाली जमेल तशी दुसरी लावायची, आणि वृत्त-काफिया-रदीफ यांचा विचार शेवटी करायचा. अशा गझलेची दुरुस्ती म्हणजे पुनर्लेखनच होतं.

इथे क्रम उलटा घेतला आहे. एकच पाच शेरांची गझल पहिल्या कच्च्या यादीपासून शेवटच्या प्रतीपर्यंत बांधली आहे, म्हणजे कुठल्या पायरीवर काय गळतं आणि का गळतं ते दिसेल.

आधी काही शब्द. दोन ओळींचा शेर. त्यातली पहिली ओळ उला मिसरा, दुसरी सानी मिसरा. प्रत्येक शेराच्या शेवटी जसाच्या तसा येणारा शब्द किंवा शब्दसमूह म्हणजे रदीफ. रदीफच्या आधी येणारा यमकाचा शब्द म्हणजे काफिया. काफियातल्या न बदलणाऱ्या अक्षरांच्या आधीचा स्वर म्हणजे अलामत. तोही बदलत नाही. ज्या पहिल्या शेरात दोन्ही ओळींना काफिया आणि रदीफ असतात तो मतला. वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून गझलेची जमीन ठरते. गझलेत किमान पाच शेर हवेत. जास्तीत जास्त किती, याला बंधन नाही.

## पायरी १: लघू-गुरू कानाने ओळखणं

ऱ्हस्व स्वराचं अक्षर लघू (ल), एक मात्रा. दीर्घ स्वराचं अक्षर गुरू (गा), दोन मात्रा. ए, ऐ, ओ, औ हे नेहमी गुरू. स्पष्ट उच्चारला जाणारा अनुस्वार किंवा विसर्ग असलेलं अक्षर गुरू: रंग म्हणजे गा ल, दुःख म्हणजे गा ल. पाय मोडलेलं अक्षर मागच्याला जोडून मोजायचं, म्हणून 'अन्' हा एक गुरू. इथवर कुणी चुकत नाही. घोळ होतो तो जोडाक्षरात.

नियम असा पाठ केलेला असतो की जोडाक्षराच्या आधीचं लघू अक्षर गुरू होतं. मराठीत हे तेव्हाच खरं, जेव्हा त्या आधीच्या अक्षरावर आघात येतो.

आघात येतो, म्हणून गुरू: सत्य, पत्र, शब्द, फक्त, रस्ता, वस्ती.

आघात येत नाही, म्हणून लघूच: तुझ्या, नव्या, दिव्याने, गळ्यात, दुसऱ्या, पुन्हा, तुम्ही, उन्हात.

दुसऱ्या ओळीतले शब्द नीट पाहा. य जोडलेली सामान्यरूपं आणि ह जोडलेली अक्षरं यांत बहुधा आधीचं अक्षर हलकंच राहतं. 'तुझ्या' हा शब्द आपण 'तुज्-झ्या' असा म्हणत नाही. तो ल गा आहे. 'वस्ती' मात्र 'वस्-ती' असाच म्हणतो. तो गा गा. शंका आली की शब्द तोडून मोठ्याने म्हणायचा. पुस्तकातला नियम आणि कान यांत फरक पडला, तर कान खरा.

शब्दाच्या सुरुवातीचं जोडाक्षर आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराला सहसा गुरू करत नाही, कारण मध्ये शब्द तुटतो. आणि ते जोडाक्षर स्वतः ऱ्हस्व असेल तर लघूच: 'स्वतः' म्हणजे ल गा.

इशारा: 'मी' लघू हवा म्हणून 'मि' लिहायचं, 'ही' जड झाला म्हणून 'हि' करायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून टाळा. शुद्धलेखनाच्या नियमांनी पद्याला ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक दिलेली आहे हे खरं, पण ती अडल्यावेळची आहे. उर्दूत दीर्घ स्वर उच्चारात गिळून लघू करता येतो. मराठीत तसं केलं की ऐकणाऱ्याला शब्दच चुकीचा ऐकू येतो. उर्दू गझला ऐकून कान तयार झालेल्यांची हीच चूक सर्वांत जास्त होते.

तपासा: वर्तमानपत्रातली कुठलीही दहा वाक्यं घ्या आणि प्रत्येक अक्षराखाली ल किंवा गा लिहा. दुसऱ्या दिवशी न पाहता पुन्हा करा. दोन्ही दिवसांची खूण वेगळी आली तर पुढे जाऊ नका.

## पायरी २: वृत्त निवडणं आणि ते अंगात मुरवणं

सुरुवातीला पाच वृत्तं पुरेत.

- भुजंगप्रयात: लगागा लगागा लगागा लगागा (12 अक्षरं, 20 मात्रा)
- स्रग्विणी: गालगा गालगा गालगा गालगा (12 अक्षरं, 20 मात्रा)
- मंजुघोषा: गालगागा गालगागा गालगागा (12 अक्षरं, 21 मात्रा)
- आनंदकंद: गागालगा लगागा गागालगा लगागा (14 अक्षरं, 24 मात्रा)
- देवप्रिया: गालगागा गालगागा गालगागा गालगा (15 अक्षरं, 26 मात्रा)

पहिल्या दोन वृत्तांत अक्षरं तेवढीच आणि मात्राही तेवढ्याच, तरी ती दोन वेगळी वृत्तं आहेत. मात्रा मोजून ओळ 'बसली' असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. बेरजेला लय नसते, क्रमाला असते.

ही ओळ पाहा:

तुझा गाव आता खूप दूर गेला

अक्षरं 12. मात्रा 20. भुजंगप्रयाताची बेरीज तंतोतंत जुळते, पण ओळ मोडलेली आहे. सातव्या जागी लघू हवा तिथे 'खू' आला, आठव्या जागी गुरू हवा तिथे 'प' आला. आता ही:

तुझा गाव आता किती दूर गेला
ल गा गा | ल गा गा | ल गा गा | ल गा गा

'खूप'च्या जागी 'किती' आला आणि अडखळणं गेलं. अर्थही थोडा बदलला, आणि तो बदल बरा आहे: 'खूप दूर' ही माहिती झाली, 'किती दूर' यात हळहळ आली.

वृत्त मुरवायला त्या वृत्तातलं काहीतरी तोंडपाठ हवं. भुजंगप्रयातासाठी शोधाशोध नको. मनाचे श्लोक बहुतेकांच्या कानात असतातच. लगागा लगागा असं टाळी देत पंधरा-वीस वेळा म्हणा, मग त्या चालीवर साधी, अर्थाची फिकीर नसलेली वाक्यं बोलून पाहा: 'उद्यापासुनी मी सकाळीच धावे' असली. ती कविता व्हायला नको, फक्त जिभेला वळण लागायला हवं. वीसेक वाक्यं अडखळल्याशिवाय आली की वृत्त तुमचं झालं.

एका गुरूऐवजी दोन लघू घेण्याची सूट पुष्कळ जण घेतात, म्हणजे गा च्या जागी 'घर' किंवा 'मन'. मात्रावृत्तात ते चालतं. पहिल्या दहा गझला तरी ती सूट न घेता, अक्षरागणिक लिहाव्यात असं आमचं आग्रहाचं म्हणणं आहे. सूट आधी घेतली की वृत्त कधीच पक्कं होत नाही.

इशारा: आनंदकंदासारख्या दोन समान भागांच्या वृत्तात सातव्या अक्षरानंतर विसावा येतो. तिथे शब्द मधोमध तुटला तर मोजमाप बरोबर असूनही ओळ लंगडते.

## पायरी ३: रदीफ आणि काफिये (सगळ्यात जास्त वेळ इथे)

गझल इथे ठरते किंवा इथेच बिघडते. मतला लिहायच्या आधी काफियांची यादी कागदावर हवी. पाच शेरांना सहा काफिये लागतात, कारण मतला एकटाच दोन घेतो. आणि यादीतले सगळे वापरण्याजोगे नसतात, म्हणून कच्ची यादी वीसच्या घरात हवी.

आपण वृत्त भुजंगप्रयात घेतलं आणि 'गेले' हा रदीफ धरला. 'ऊ' ही अलामत, आणि न बदलणारं अक्षर 'र'. आठवतील तसे शब्द:

दूर, सूर, पूर, धूर, नूर, शूर, क्रूर, चूर, ऊर, तूर, कापूर, शेंदूर, काहूर, मंजूर, मजूर, हुजूर, फितूर, मगरूर, भरपूर, जरूर.

वीस झाले. यादी भरगच्च दिसते. आता तिला तीन चाळण्या लावायच्या.

पहिली चाळणी, अलामतीची. अंकुर, आतुर, चतुर, निष्ठुर हे शब्द यादीत का नाहीत? त्यांतला 'उ' ऱ्हस्व आहे. 'ऊर' आणि 'उर' ही दोन वेगळी यमकं. घाईत 'आतूर' असं लिहून ती एक केली जातात. शब्दकोश उघडून पाहायची सवय लावा.

दुसरी चाळणी, वृत्ताची. ओळीचा शेवट … गा | ल गा गा असा आहे. 'गेले' हे शेवटचे दोन गुरू. त्याआधीचा लघू 'र'. त्याच्या आधी दोन गुरू जागा आहेत. 'दूर'सारखा शब्द त्यांतली एकच जागा घेतो, दुसरी आधीचा शब्द भरतो. 'कापूर' (गा गा ल) दोन्ही भरतो. पण 'मजूर' म्हणजे ल गा ल. त्याच्या 'म'साठी लघूची जागाच नाही. त्याच कारणाने हुजूर, फितूर, जरूर, मगरूर आणि भरपूरही गळतात. सहा शब्द गेले, चौदा उरले. हे शब्द वाईट नाहीत; या वृत्तात या रदीफबरोबर ते येऊ शकत नाहीत, एवढंच. ही चाळणी न लावल्यामुळे लोक 'मजूर गेले' असा सुंदर शेवट मनात धरून तासन्‌तास झगडतात.

तिसरी चाळणी, व्याकरणाची आणि अर्थाची. रदीफ प्रत्येक काफियाशी वाक्य म्हणून जुळायला हवा. 'गेले' अनेकवचनी पुल्लिंगी किंवा एकवचनी नपुंसकलिंगी आहे. 'सूर गेले', 'पूर गेले', 'शूर गेले', 'काहूर गेले' ठीक. 'दूर' कशालाही चालतो. पण 'धूर गेले'? 'कापूर गेले'? मराठीत असं कुणी म्हणत नाही. 'तूर' तर स्त्रीलिंगी. चौदातून सहज बसणारे उरले पाच. सहा हवे होते.

मतला लिहून झाल्यावर हे कळलं असतं तर ती गझल चौथ्या शेरानंतर अडकली असती. आत्ता एक अक्षर बदलून निभावतं: रदीफ 'गेला' करायचा. 'काहूर' जातो, पण धूर, नूर, कापूर, शेंदूर परत येतात. दूर, सूर, पूर, धूर, नूर, कापूर, शूर, शेंदूर: आठ. पाच शेर होऊन दोन हाताशी राहतात.

रदीफ निवडताना क्रियापदाचं असं रूप घ्या ज्याच्याशी सर्वांत जास्त नामं जुळतील. 'होता', 'गेला', 'आहे', 'नाही' यांवर इतक्या गझला का आहेत, याचं हे सरळ कारण. मराठी वाक्यात क्रियापद शेवटीच येतं, त्यामुळे ते रदीफ म्हणून ओढून आणावं लागत नाही. लांब रदीफ भारदस्त वाटतो, पण 12 अक्षरांच्या ओळीत सहा अक्षरं रदीफनेच खाल्ली तर सांगायला जागा उरत नाही. रदीफ नसलेली, फक्त काफियावर संपणारी गझलही चालते. तिथे काफिया अधिक नेमका लागतो.

काफिया ओळीच्या शेवटाकडेच असतो, हेही सांगायला हवं, कारण आपल्याकडे अनुप्रासाची हौस फार. तमिळमध्ये हा प्रश्न आणखी टोकाचा आहे. तिथल्या परंपरेत यमकाचा मुख्य कान ओळीच्या सुरुवातीला असतो: 'एदुगै'मध्ये ओळींची दुसरी अक्षरं जुळतात, 'मोनै'मध्ये पहिली. शेवटच्या यमकाला 'इयैबु' असं वेगळं नाव आहे. तिथलं छंदाचं मोजमापही लघू-गुरूचं नाही. ते 'नेर्' आणि 'निरै' या गटांनी होतं. कविक्को अब्दुल रहमान (1937–2017) यांनी तमिळमध्ये गझल नेली ती अशा जमिनीत. मराठी कवीला लघू-गुरूही घरचे आणि शेवटचं यमकही घरचं. त्यामुळे आपल्याला सवलत मागायला जागा कमी आहे.

तपासा: तिन्ही चाळण्यांनंतर किमान आठ काफिये उरले का? नसतील तर रदीफ बदला, नाहीतर वृत्त बदला. मतला लिहू नका.

## पायरी ४: मतला

मतल्यात दोन काफिये येतात, आणि त्या दोघांत जेवढं समान असेल तेवढं पुढे सगळ्या गझलेला बांधून ठेवतं. हे न कळल्यामुळे होणारी चूक अशी: मतल्यात 'पूर' आणि 'कापूर' घेतले. दोघांत 'पूर' समान. आता ऐकणारा प्रत्येक शेरात 'पूर'च अपेक्षितो आणि 'सूर', 'धूर' आले की त्याला काफिया चुकल्यासारखा वाटतो. 'फुलांना' आणि 'मुलांना' यांचंही तसंच: 'लांना' आणि त्याआधीचा उ, दोन्ही पक्के झाले. पुढे 'घरांना' आणता येणार नाही. 'बोलतो' आणि 'चालतो' ही जोडी तर मतल्यातच मोडते, कारण 'लतो' समान पण आधीचे स्वर ओ आणि आ. त्याऐवजी 'बोलतो' आणि 'मोजतो' घेतले की फक्त 'तो' आणि आधीचा अ बांधला जातो, पुढची वाट मोकळी राहते.

म्हणून यादीतले एकमेकांपासून सर्वांत लांबचे दोन काफिये मतल्यात टाका. इथे 'दूर' आणि 'सूर':

तुझा गाव आता किती दूर गेला
गळ्यातून माझ्या जुना सूर गेला

दुसरी ओळ मोजू: ग ळ्या तू | न मा झ्या | जु ना सू | र गे ला. 'ग' लघू, कारण 'ळ्या'चा आघात त्याच्यावर येत नाही. पायरी १ कच्ची असती तर ही ओळ चुकीची समजून फेकली गेली असती.

तपासा: मतल्यातली एक ओळ झाकून दुसरी वाचा. दोन्ही ओळी स्वतंत्र विधानं वाटली आणि एकत्र वाचल्यावर तिसरं काही उमटलं, तर मतला उभा राहिला. गावाचं अंतर आणि गळ्यातला हरवलेला सूर, यांतलं नातं इथे वाचणारा जोडतो.

## पायरी ५: शेर, सानी मिसऱ्यापासून

उला आधी लिहायचा मोह आवरा. काफिया आणि रदीफ सानीत असतात, म्हणजे अडचणीची ओळ तीच. ती आधी पक्की करा, मग तिला साजेशी वरची ओळ शोधा. वरच्या ओळीला यमकाचं बंधन नाही, तिथे हात मोकळा असतो.

कामाची पद्धत अशी. प्रत्येक काफियासाठी कोरं पान घ्या. वर काफिया आणि रदीफ लिहा: 'कापूर गेला'. खाली विचारा: कापूर जातो म्हणजे नेमकं काय होतं? जळतो. काही उरत नाही. राख नाही, काजळी नाही. मग सानी आली:

खुणा ठेवल्यावीण कापूर गेला

आता वरची ओळ. खुणा ठेवून जाणारं कोण आहे, ते शोधायचं. देवघरातच सापडतं: दिवा. पहिला मसुदा:

दिव्याने तरी ठेवली काजळी ही
खुणा ठेवल्यावीण कापूर गेला

मोजमाप ठीक आहे. बाकीचं पुढच्या पायरीत.

उरलेले तीन शेर याच पद्धतीने, अजून कच्चे:

तुम्ही मोजला फक्त पाऊस तेव्हा
इथे या चुलीतून तो पूर गेला

कुणी आग वस्तीस या लावली ते
मला सांगुनी शेवटी धूर गेला

मला आरशाने पुन्हा टोकले की
मघाशीच होता, कुठे नूर गेला

उला आणि सानी यांत दुवा हवा, पण उलाने सानीचं गुपित फोडू नये. सोपी परीक्षा: कुणाला तरी फक्त वरची ओळ वाचून दाखवा आणि पुढे काय येईल ते विचारा. त्याने नेमकं सांगितलं तर शेर सपाट आहे. त्याला काहीच सुचलं नाही आणि खालची ओळ ऐकूनही संबंध लागला नाही, तर शेर तुटका आहे. 'अरे, हो' असं निघालं पाहिजे.

दुसरी परीक्षा स्वातंत्र्याची. शेर बाकीच्या गझलेपासून सुटा करून वाचा. 'तो', 'ती', 'तेव्हा' यांचा अर्थ आधीच्या शेरावर अवलंबून असेल तर ती गझल नाही, यमकात बांधलेली सलग कविता आहे. एकच विषय सगळ्या शेरांत चालवणारी मुसलसल गझल असते, पण तिच्यातही प्रत्येक शेर एकटा उभा राहतो.

## पायरी ६: दुरुस्ती

मसुदा किमान दोन दिवस बाजूला ठेवा. मग एकेका दोषासाठी वेगळी फेरी मारा. सगळं एकदम पाहिलं की काहीच दिसत नाही.

फेरी अ: उलाचा शेवट. मतल्यानंतर उला मिसऱ्याचा शेवट रदीफच्या शेवटच्या स्वरावर होऊ नये. 'पाऊस तेव्हा' संपतो आ वर, 'गेला' संपतो आ वर. कानाला तो दुसरा मतलाच येतोय असा भास होतो आणि मग काफिया न सापडल्यामुळे अपेक्षाभंग होतो. बदल:

तुम्ही मोजले फक्त पाऊसपाणी

ई वर संपली. शिवाय 'तेव्हा' हा मोघम शब्द गेला.

फेरी आ: भरतीचे शब्द. तो, ती, ही, ते, रे, ग, अन्, सारे, आता. वृत्ताची रिकामी जागा भरायला हे शब्द हमखास येतात. प्रत्येकाभोवती वर्तुळ काढा आणि तो काढून ओळ वाचा. अर्थ तसाच राहिला तर शब्द भरतीचा. 'चुलीतून तो पूर गेला' यातला 'तो' काढला तर काहीही बिघडत नाही. त्याच जागी, त्याच वजनाचा पण काम करणारा शब्द हवा:

इथे या चुलीतूनही पूर गेला

'ही' आल्याने शेराची धार वाढली: अंगणातून, उंबऱ्यावरून, आणि चुलीतूनसुद्धा. म्हणजे 'ही' स्वतः वाईट नाही. 'काजळी ही' यातला 'ही' मात्र भरतीचाच. तिथे शब्दांची जागा बदलली:

दिव्याने तरी काजळी ठेवलेली

आता 'ठेवलेली' आणि 'ठेवल्यावीण' समोरासमोर येतात. पुनरुक्ती आहे, पण ती मुद्दाम आहे; दोन ओळींचा दुवा तिनेच घट्ट होतो.

फेरी इ: जुनी रूपं. 'सांगुनी', 'पाहुनी', 'मजला', 'तुजसी', 'जाहले'. वृत्तासाठी ही रूपं हाताला लागतात आणि बोलण्याची भाषा निघून जाते. एखादं चालेल, तेही नाइलाज असेल तर. 'मला सांगुनी शेवटी धूर गेला' ही ओळ बोलीच्या जवळ नेली:

मला सांगता सांगता धूर गेला

म ला सां | ग ता सां | ग ता धू | र गे ला. वृत्त तेच. पण आधी धुराने सगळं सांगून टाकलं होतं. आता सांगणं अर्धवट राहिलं आणि तो विरला. खरा धूर असाच वागतो. दुरुस्ती तंत्रासाठी सुरू केली की कधी कधी अर्थ असा सापडतो. तंत्राला कंटाळणाऱ्यांनी यासाठी तरी थोडा धीर धरावा.

फेरी ई: भाषेचा एकच पोत. एका ओळीत 'केले', दुसरीत 'केलं' नको. उच्चार बदलतो आणि शेवटचा स्वरही. एक ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा.

## पायरी ७: क्रम आणि मक्ता

मतला पहिला, हे ठरलेलं. बाकीच्या शेरांचा क्रम तुमच्या हातात असतो. मतल्यानंतर लगेच कमकुवत शेर नको. तिथे ऐकणारा सोडून जातो. सारख्या चित्रांचे शेर शेजारी नकोत. धूर आणि कापूर, दोन्हींत जळणं आहे, म्हणून मध्ये नूरचा शेर घातला.

शेवटच्या शेरात कवीचं टोपणनाव आलं तर तो मक्ता. सक्ती नाही. नाव घालायचंच असेल तर ते वृत्तात बसतं का ते आधी पाहा. 'सुनीता' (लगागा) भुजंगप्रयातात अलगद बसते. 'चंद्रकांत' (गा ल गा ल) या वृत्तात कुठेच बसणार नाही, कारण इथे दोन लघूंच्या मध्ये नेहमी दोन गुरू येतात. नाव कोंबण्यासाठी शेर वाकवण्यापेक्षा मक्त्याशिवाय थांबलेलं बरं.

## पायरी ८: शेवटची तपासणी

तुझा गाव आता किती दूर गेला
गळ्यातून माझ्या जुना सूर गेला

तुम्ही मोजले फक्त पाऊसपाणी
इथे या चुलीतूनही पूर गेला

कुणी आग वस्तीस या लावली ते
मला सांगता सांगता धूर गेला

मला आरशाने पुन्हा टोकले की
मघाशीच होता, कुठे नूर गेला

दिव्याने तरी काजळी ठेवलेली
खुणा ठेवल्यावीण कापूर गेला

गझल आधी तहतमध्ये, म्हणजे चाल न लावता, बोलल्यासारखी वाचा. तरन्नुममध्ये गाताना लघू ओढून गुरू करता येतो आणि वृत्ताचे दोष लपतात. फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि कागद न घेता ऐका. जिथे तुमचाच आवाज किंचित थांबला असेल तिथे खूण करा. दहापैकी नऊ वेळा तिथे लघू-गुरू चुकलेला असतो किंवा शब्द भरतीचा असतो.

मग ती अशा माणसाला वाचायला द्या ज्याने गझल आधी पाहिलेली नाही. तो जिथे अडखळेल तिथे त्याला दुरुस्त करू नका. ओळ दुरुस्त करा.

या गझलेत अजून एक जागा खटकते: चौथ्या शेरातला 'की'. तो वाक्य जोडतो, पण उलाचा शेवट लोंबकळत ठेवतो. आरशाचं बोलणं थेट सुरू झालं असतं तर शेर अधिक नेटका झाला असता. ल गा गा च्या शेवटच्या गटात बसणारं, आ वर न संपणारं दुसरं काही सापडेपर्यंत तो शेर वहीत पेन्सिलीने लिहिलेला राहील. 'शूर' आणि 'शेंदूर' हे दोन काफियेही अजून रिकामे आहेत. तो शेर नाहीच सुधारला, तर त्याच्या जागी यांतल्या एकाचा शेर बांधता येईल.